‘मला काहीतरी गाऊन दाखव’: निर्मितीतली भीती आणि श्रद्धा यांची पार्श्वभूमी

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर व्हिटबीच्या मठात सातव्या शतकात कॅडमन नावाचा गुराखी राहत होता. मेजवानीत हार्प हे तंतुवाद्य हातोहात फिरवायचं आणि ज्याच्याकडे येईल त्याने गायचं, अशी तिथली रीत होती. हार्प आपल्या दिशेने येताना दिसला की कॅडमन पानावरून उठून बाहेर निघून जायचा. वय उतरणीला लागलं होतं आणि एकही गाणं त्याला येत नव्हतं. एका रात्री तो असाच उठला. त्या रात्री गुरं राखायची पाळी त्याची होती, म्हणून तो गोठ्यात जाऊन झोपला. स्वप्नात कोणीतरी त्याला नावाने हाक मारून म्हणालं, ‘मला काहीतरी गाऊन दाखव.’ तो म्हणाला, ‘मला गाता येत नाही, म्हणून तर तिथून निघून आलो.’ ‘तरीही तुला माझ्यासाठी गायचंच आहे.’ ‘काय गाऊ?’ ‘सृष्टीच्या आरंभाचं गा.’ आणि तो गायला.

बीड या मठवासी इतिहासकाराने ७३१ च्या सुमाराला पूर्ण केलेल्या ग्रंथात ही हकिगत आहे. कॅडमनच्या त्या गाण्याच्या नऊ ओळी टिकल्या आहेत आणि इंग्रजी भाषेतल्या सर्वांत जुन्या उपलब्ध कवितांमध्ये त्यांची गणना होते. मला मात्र त्या ओळींपेक्षा त्याआधीचा संवाद जास्त मोलाचा वाटतो. ‘घाबरू नकोस, तू चांगला गातोस’ असं त्याला कोणी म्हणत नाही. त्याच्या भीतीची समजूत घालायला कोणी थांबतही नाही. त्याला काम सांगितलं जातं. श्रद्धेने निर्मितीतली भीती कशी हाताळली याचा इतिहास पाहू लागलं की हेच पुन्हा पुन्हा भेटतं. धीर मिळतो, पण तो कोणीतरी सोपवलेल्या कामाच्या रूपात.

याची मुळं कॅडमनच्याही बरीच मागे जातात. ग्रीक महाकाव्यांच्या आरंभी काव्यदेवतेला हाक असते हे आपण ऐकलेलं असतं, पण ‘इलियड’च्या दुसऱ्या सर्गातली हाक अधिक बोलकी आहे. ट्रॉयवर चालून आलेल्या जहाजांची लांबलचक यादी सांगायची वेळ येते, तेव्हा कवी थांबतो आणि म्हणतो, मला दहा जिभा आणि दहा मुखं असती तरी हे जमलं नसतं, तुम्ही आठवण करून द्याल तरच जमेल. तोंडी परंपरेतल्या कवीला लोकांसमोर विसरण्याइतकी मोठी भीती दुसरी कुठली असणार? ती जिथे सर्वांत जवळ येते, नेमकी तिथेच तो पुन्हा प्रार्थना करतो.

संस्कृतात कालिदासाने ‘रघुवंशा’च्या सुरुवातीला हे आणखी उघडपणे मांडलं आहे. पहिल्याच श्लोकात तो शब्द आणि अर्थ यांच्यासारख्या एकरूप असलेल्या पार्वती-परमेश्वरांना वंदन करतो आणि लगेच म्हणतो की माझी बुद्धी तोकडी, दुस्तर सागर तराफ्यावरून ओलांडायला निघालोय. उंच माणसाच्या हाताला येणाऱ्या फळासाठी बुटक्याने हात वर करावेत, तसं माझं हसं होईल. काव्यसंकेत म्हणून याकडे दुर्लक्ष करता येतं. पण संकेत उगाच रुजत नाहीत. हसं होण्याची भीती एवढ्या मोठ्या कवीने आधी उच्चारली आणि मगच काव्य पुढे नेलं, याला माझ्या लेखी अर्थ आहे.

शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत हाच भाव फार हृद्य रूपात येतो. गीतेवर देशी भाषेत बोलायचं धाडस करताना पहिल्याच अध्यायात ज्ञानेश्वर स्वतःला चोचीने समुद्र मोजू पाहणाऱ्या टिटवीची उपमा देतात. आपण हे नेणतेपणाने आरंभलं आहे, असं म्हणतात, आणि पुढे सांगतात की याला एकच आधार आहे, श्रीगुरू सानुकूल आहेत, म्हणून मी धीटपणे बोलतो. अठराव्या अध्यायात शेवटाकडे येताना त्यांचा स्वर आणखी मोकळा होतो: ‘राजहंसाचें चालणें । भूतळीं जालिया शाहाणें । आणिकें काय कोणें । चालावेंचिना ॥’ राजहंस डौलाने चालतो म्हणून बाकीच्यांनी चालूच नये काय? तुलनेच्या भीतीला इतकं सरळ उत्तर मी दुसरीकडे वाचलेलं नाही. ही ओवी मी अनेकदा मनाशी म्हटली आहे आणि दर वेळी हात थोडा सैल झाला आहे.

तुकोबांची गोष्ट थेट कॅडमनशी जाऊन भिडते. नामदेव पांडुरंगाला घेऊन स्वप्नात आले, त्यांनी जागं केलं, कवित्व करण्याचं काम सांगितलं आणि वायफळ सबबी सांगू नकोस असं बजावलं, असं तुकोबा आपल्या अभंगात सांगतात. नामदेवांच्या शतकोटी अभंगांच्या संकल्पातले उरलेले पुरे करायचे होते. म्हणजे काम आधीच चालू होतं, तुकोबांच्या वाट्याला त्यातला एक भाग आला. मग ‘आपुलिया बळें नाहीं मी बोलत’ हे उद्गार केवळ नम्रतेचे राहत नाहीत, ते वस्तुस्थितीचं कथन होतात. साळुंकी मंजुळ बोलते, पण तिला शिकवणारा धनी वेगळाच.

आपली भाषासुद्धा याच बाजूने बोलते. ‘मी सुचलो’ असं आपण म्हणत नाही, ‘मला सुचलं’ म्हणतो. सुचणं ही क्रिया आपल्याकडे येते.

तरी श्रद्धा आली की भीती गेली, इतकं हे सोपं नव्हतं. जर्मनीतल्या बिंगेनच्या हिल्डेगार्ड या मठवासिनीला ११४१ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, ‘जे पाहतेस, ऐकतेस ते लिही’ अशी आज्ञा झाली. तिने लिहिलं नाही. स्वतःविषयी शंका होती आणि लोक काय बोलतील याची धास्ती होती, असं तिनेच नोंदवलं आहे. ती आजारी पडून अंथरुणाला खिळली. हे आजारपण न लिहिण्याचं फळ आहे, अशी तिची खात्री झाली. शेवटी तिने लेखणी उचलली तेव्हा अंगात बळ परतलं. तो पहिला ग्रंथ पुरा व्हायला दहा वर्षं लागली. मधल्या काळात तिने क्लेअरवोचा मठाधिपती बर्नार्ड याला पत्र लिहून सल्ला मागितला, आणि ११४७-४८ च्या सुमाराला ट्रिअरमध्ये पोप तिसरे यूजीन यांच्यासमोर तिचं लेखन वाचलं जाऊन त्याला मान्यता मिळाली. आज्ञा खुद्द देवाची, असं मानणाऱ्या या बाईलाही माणसांचा दुजोरा लागला. यात मला तिचा कमीपणा दिसत नाही. श्रद्धा एकट्याने पेलायची नसते, हे ती जाणत होती.

काही ठिकाणी तर भीती श्रद्धेतूनच जन्मली. जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स या इंग्रज कवीने १८६८ मध्ये जेझुइट या कॅथलिक धर्मसंघात जाण्यापूर्वी आपल्या कविता जाळल्या, कारण काव्य त्याला व्रताच्या आड येणारं वाटलं. सात वर्षं तो जवळजवळ गप्प होता. डिसेंबर १८७५ मध्ये ‘डॉइशलँड’ जहाज बुडून त्यात पाच ख्रिस्ती जोगिणी (नन) मृत्युमुखी पडल्या, आणि यावर कोणीतरी कविता लिहावी असं त्याचे वरिष्ठ सहज बोलून गेले. तेवढं त्याला पुरलं. पुन्हा तेच, कोणीतरी मागितलं आणि अडलेलं सुटलं.

संगीतकारांनी याची रोजची सवय करून टाकली. बाख अनेकदा हस्तलिखिताच्या माथ्यावर ‘येशू, साहाय्य कर’ या अर्थाची आद्याक्षरं लिहायचा आणि शेवटी ‘केवळ देवाच्या गौरवासाठी’ या अर्थाची. हायडनची हस्तलिखितंही देवाच्या नावाने सुरू होऊन त्याच्या स्तुतीने संपतात. रचना अडली की तो जपमाळ घेऊन खोलीत येरझारा घालायचा, असं त्याचा चरित्रकार ग्रीझिंगर सांगतो. साठी उलटल्यावर ‘द क्रिएशन’ ही सृष्टीच्या निर्मितीवरची संगीतरचना लिहिताना तो रोज गुडघे टेकून हे काम पुरं करण्याचं बळ मागत असे. यश मिळू दे असं मागणं वेगळं, पुरं करण्याचं बळ मागणं वेगळं.

मग अठराव्या शतकात युरोपात एक मोठा पालट झाला. रोमन लोकांच्या लेखी ‘जीनियस’ म्हणजे माणसासोबत जन्मणारी रक्षक देवता. आता तो शब्द माणसाच्या अंगच्या असामान्य प्रतिभेला लागू झाला. इंग्रज कवी एडवर्ड यंगचा १७५९ चा मौलिकतेवरचा निबंध आणि जर्मन तत्त्वज्ञ कांटचं १७९० चं सौंदर्यविवेचन या बदलाचे टप्पे मानले जातात. यातून कलावंताला प्रतिष्ठा मिळाली, स्वातंत्र्य मिळालं. पण फसण्याचं सारं ओझंही त्याच्याच खांद्यावर आलं. कोऱ्या कागदासमोर बसलेला माणूस पूर्वी कामकरी होता, आता तो परीक्षार्थी झाला. आज ज्याला आपण लेखकाचं अडणं म्हणतो, त्याची एक मुळी इथे आहे असं मला वाटतं. ब्रुकनरसारखा परमभाविक संगीतकारही यातून सुटला नाही. १८८७ मध्ये कंडक्टर हर्मान लेव्हीने त्याची आठवी सिंफनी नाकारली तेव्हा ब्रुकनर कोसळला आणि ती पुन्हा लिहीत बसला. नववी त्याने ‘प्रिय देवाला’ अर्पण केली. १८९६ मध्ये तो गेला तेव्हा तिचा शेवटचा भाग अपुरा होता.

विसाव्या शतकात ही जुनी वाट पुन्हा वापरात आली. व्यसनमुक्तीच्या चळवळीने ‘आपल्याला उमजेल तसा देव’ ही कल्पना रुजवली आणि तिथून ती कलावंतांच्या शिबिरांपर्यंत पोहोचली. जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनने १९५७ मधल्या आपल्या आध्यात्मिक जागृतीबद्दल लिहून ठेवलं आहे. ९ डिसेंबर १९६४ रोजी ध्वनिमुद्रित केलेल्या ‘अ लव्ह सुप्रीम’ या अल्बमच्या शेवटच्या भागात तो स्वतः लिहिलेली प्रार्थना सॅक्सोफोनवर शब्दागणिक वाजवतो. शब्द ऐकू येत नाहीत, त्यांची लय येते.

आणि अमेरिकन लेखिका फ्लॅनरी ओकॉनर. आयोवाच्या विद्यापीठात लेखन शिकणाऱ्या या विशीतल्या मुलीने जानेवारी १९४६ पासून एका साध्या वहीत देवाला उद्देशून लिहायला सुरुवात केली. चांगली कथा लिहिता यावी, आपण सामान्य ठरू नये, आणि ही इच्छा गर्व ठरू नये, अशी सगळी मागणी त्यात एकत्र आहे. भीती तिने देवापासून लपवलेली नाही. वही सप्टेंबर १९४७ मध्ये थांबते. पाच वर्षांनी तिची पहिली कादंबरी आली.