मोबाईलमधून न निघणारा बेस तरी ऐकू कसा येतो?

बेस गिटार वाजवणाऱ्याला सोलापुरात एक वाक्य हमखास ऐकावं लागतं. गणपतीत मंडळाच्या स्टेजवर वाजवा, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवा नाहीतर चर्चच्या क्वायरसोबत वाजवा, कार्यक्रमाचा व्हिडीओ ग्रुपवर पडला की कोणीतरी म्हणतंच, "तुझं गिटार ऐकूच येईना की बे." मग लगेच पुढचं ज्ञान, की मोबाईलच्या एवढ्याशा स्पीकरमधून बेस निघतच नाही, त्यामुळं बेसवाल्यानं काय वाजवलं आणि काय नाही, सगळं सारखंच. यातलं पहिलं निम्मं बरोबर आहे, दुसरं निम्मं साफ चूक. आणि ते चूक का आहे हे समजून घेताना आपल्या कानाबद्दल जे कळतं ते मला इतकं भारी वाटतं की आजचा लेख जवळजवळ त्याच्यावरच आहे.

आधी आकडे. चार तारांच्या बेसची सगळ्यात जाड तार, ई, सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते, म्हणजे ४१ हर्ट्झ. त्यावरची ए ५५, डी साधारण ७३ आणि जी ९८ हर्ट्झ. साध्या गिटारची सगळ्यात खालची तार ८२ हर्ट्झची असते, बेसची ई तिच्या बरोबर एक सप्तक खाली. तार जेवढी लांब, जड आणि सैल तेवढा सूर खाली, हे मर्सेन नावाच्या फ्रेंच पाद्रीनं सतराव्या शतकातच मांडून ठेवलंय. म्हणून १९५१ साली लिओ फेंडरनं प्रिसिजन बेस बाजारात आणला तेव्हा तार ३४ इंच लांब ठेवली आणि जाडही केली, कारण नुसती सैल सोडली असती तर ती फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, लोळली असती.

आता मोबाईल. त्याच्या स्पीकरचा पडदा नखाएवढा, तो खालच्या सुरांना पुरेशी हवा ढकलूच शकत नाही. बहुतेक फोन ३००-४०० हर्ट्झच्या खाली आवाज इतका पाडतात की ५५ हर्ट्झ जवळपास शून्यच समजा. म्हणजे व्हिडीओमध्ये तुम्ही ए तार छेडली असेल तर ५५ हर्ट्झचा आवाज त्या फोनमधून बाहेर पडलेलाच नाही. तरीसुद्धा नीट वाजवलेली ए तार फोनवर ऐकली तर ती ए म्हणूनच ऐकू येते, आणि तीही खालची ए. अंगावर येणारा धक्का नसतो, पण सूर तोच असतो. जो आवाज खोलीत नाहीच तो ऐकू येतोय, मग तो येतो कुठून?

तार छेडली की ती फक्त ५५ वेळा हलत नाही. त्याच वेळी ती दोन भागांत, तीन भागांत, चार भागांत अशीही हलत असते. त्यामुळं ५५ सोबत ११०, १६५, २२०, २७५, ३३०, ३८५, ४४० अशी रांगच्या रांग निघते. यांना हार्मोनिक म्हणतात, आपल्याकडचे गाणारे स्वयंभू स्वर म्हणतात. फोननं यातले खालचे पाच खाऊन टाकले, उरले ३३०, ३८५, ४४० आणि वरचे. आता मेंदूकडं ही उरलेली रांग जाते आणि मेंदू त्यातून अर्थ काढतो, की हे सगळे आकडे ज्याच्या पटीत आहेत तो आकडा ५५, म्हणजे हा आवाज ५५ हर्ट्झच्या एकाच तारेचा आहे. आणि तुम्हाला ५५ चा सूर ऐकू येतो. अंदाज केल्यासारखा नाही हं, खरोखर ऐकू येतो. याला हरवलेला मूळ स्वर म्हणूया.

तुम्ही म्हणाल मेंदू नुसती वजाबाकी करत असेल, ३८५ वजा ३३० बरोबर ५५. इथं थोडं थांबा, कारण खरी गंमत इथंच आहे. तार बरोबर मधोमध, म्हणजे मोकळी तार बाराव्या फ्रेटच्या वर छेडली तर सम हार्मोनिक जवळजवळ उठतच नाहीत. मग उरतात ५५, १६५, २७५, ३८५. यांच्यातला फरक आहे ११०. वजाबाकीच करायची असती तर सूर एक सप्तक वर ऐकू यायला हवा होता, पण तसं होत नाही, ए ती ए च राहते, आवाज फक्त पोकळ होतो. कारण १६५ किंवा २७५ हे ११० च्या पाढ्यात बसत नाहीत, ५५ च्या पाढ्यात बसतात. नेदरलँड्समधल्या शास्त्रज्ञांनी हेच आणखी ताणून बघितलं. १८००, २०००, २२०० हर्ट्झ एकत्र वाजवले की २०० चा सूर ऐकू येतो. मग त्यांनी तिन्ही ४० नं वर सरकवले, १८४०, २०४०, २२४०. फरक अजूनही २०० च, पण ऐकणाऱ्यांना सूर २०४ च्या आसपास ऐकू आला. का, तर २०४ ची नववी, दहावी आणि अकरावी पट काढून बघा, १८३६, २०४०, २२४४. म्हणजे मेंदूनं असा पाढा शोधला ज्यात तिन्ही आकडे थोडं इकडंतिकडं करून बसतील. शाळेत मसावि काढायला आपण घाम गाळला आणि मेंदू सेकंदाच्या छोट्याशा भागात मसावि काढतो, तोसुद्धा अंदाजे आकड्यांचा!

याच्यावर भांडणंही जोरदार झालीत. १८४१ च्या सुमारास झेबेक नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं सायरनवर प्रयोग करून दाखवलं की मूळ स्वर अगदी क्षीण असला तरी कानाला तो ठणठणीत ऐकू येतो. त्याला विरोध केला जॉर्ज ओहमनं. हो, विजेचा ओहमचा नियम शाळेत शिकलो तोच ओहम. त्याचं म्हणणं, हवेत जे कंपन आहे तेवढंच कान ऐकतो. पुढं हेल्महोल्ट्झसारखा मोठा जर्मन शास्त्रज्ञ ओहमच्या बाजूनं उभा राहिला आणि झेबेकचं म्हणणं बरीच वर्षं मागं पडलं. १९४० च्या सुमारास फिलिप्स कंपनीत काम करणाऱ्या स्खाउटेननं ते परत उकरून काढलं. तरी एक शंका उरत होती, की कानाच्या आतल्या भागातच आवाज थोडा फाटून तिथं खरोखरचं ५५ हर्ट्झ तयार होत असेल. ती शंका फेडली लिकलायडरनं, १९५० च्या दशकात. त्यानं हार्मोनिकसोबत खालच्या पट्टीत मुद्दाम घरघर सोडली, म्हणजे खरोखरचं खालचं कंपन असतं तर ते त्या घरघरीत बुडालं असतं. पण सूर ऐकू येतच राहिला. आणि १९७२ मध्ये हौट्समा आणि गोल्डस्टाइन यांनी तर एक हार्मोनिक एका कानात आणि दुसरा दुसऱ्या कानात सोडला, तरी हरवलेला स्वर ऐकू आला. दोन कानांतली माहिती एकत्र होते ती मेंदूतच, त्यामुळं हे काम तिथलंच आहे. २००५ मध्ये मार्मोसेट जातीच्या माकडांच्या मेंदूत अशा पेशीही सापडल्या ज्या खरा ५५ सारखा सूर असो की नुसती त्याच्या हार्मोनिकची रांग असो, दोन्हीला सारखाच प्रतिसाद देतात. मेंदू हे नेमकं कसं करतो, आकड्यांची रांग जुळवून की कंपनांच्या वेळा मोजून, यावर अजून वाद आहे, बहुतेक दोन्ही होत असावं.

जुना लँडलाईन आठवतोय का? त्यावर ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच जायचं. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर साधारण १०० ते १५० हर्ट्झ असतो, तो तारेतून पलीकडं जातच नव्हता. तरी फोनवर वडिलांचा आवाज कधी पोरीसारखा बारीक वाटला नाही. तेच तंत्र.

एक मर्यादा मात्र आहे. अगदी तळाच्या ई ला म्हणजे ४१ हर्ट्झला मेंदूचं हे काम कच्चं होतं, आपल्याला सूर म्हणून काही कळण्याची हद्दच तीसेक हर्ट्झवर संपते. त्यामुळं फोनवर मोकळी ई कधी कधी एक सप्तक वर वाटते किंवा नुसती गुरगुर वाटते. ए पासून पुढं काम चोख होतं.

आता याचा आपल्या वाजवण्याला उपयोग काय. नवीन पोरं ऐकू येईना म्हटलं की अँपवरचं, म्हणजे अॅम्प्लिफायरवरचं, बेसचं बटण पूर्ण फिरवतात. त्यानं मोबाईलवर काही म्हणजे काही फरक पडत नाही, कारण जे फोनमधून निघणारच नाही ते वाढवून उपयोग काय. वाढवायचं मिड, म्हणजे मधले सूर, साधारण २५० ते ८०० हर्ट्झचा पट्टा, म्हणजे मेंदूला पाढा ओळखायला माल मिळेल. थोडंसं ओव्हरड्राइव्ह, म्हणजे आवाज मुद्दाम जरा फाडणं, सुद्धा याच कारणानं कामाला येतं, ते नवीन हार्मोनिक तयार करतं. घरी छोटा ८ इंची अँप असेल तर तोही ७०-८० हर्ट्झच्या खाली ढेपाळतो, म्हणजे खोलीत बसून तुम्ही मोकळी ई ऐकता तेव्हाही बरंचसं काम तुमचा मेंदूच करत असतो. फोनवर स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या हर्ट्झला किती आवाज आहे ते, दाखवणारं फुकटातलं अॅप टाका आणि अँपसमोर धरा. माझ्याकडं ई छेडली की ४१ जवळ जेमतेम उंचवटा येतो, ८२ आणि १२३ वर मात्र सुळके उभे राहतात. फोनचा माईकही खालचं थोडं खातो हे धरलं तरी चित्र बोलकं आहे.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे छेडण्याची जागा. गळ्याजवळ छेडलं की मूळ स्वर जास्त, गोल जाड आवाज. ब्रिजकडं, म्हणजे तारा जिथं बेसच्या अंगावर टेकतात तिकडं, दोन-चार बोटं सरकलं की वरचे हार्मोनिक वाढतात, आवाज टणक होतो आणि रेकॉर्डिंगमध्ये उठून दिसतो. नियम असा की ज्या ठिकाणी छेडाल तिथं ज्या हार्मोनिकचा स्थिर बिंदू (त्या हार्मोनिकमध्ये तार जिथं हलतच नाही ती जागा) असतो तो हार्मोनिक उठत नाही. ब्रिजपासून साडेआठ इंचांवर मोकळी ए छेडली तर चौथा म्हणजे २२० गेला आणि त्यासोबत आठवा ४४० पण गेला. हाच नियम तानपुरा मोडतो, आणि ते दाखवलं आपल्या सी. व्ही. रामन यांनी, १९२१ साली कलकत्त्यात. तानपुऱ्याची घोडी रुंद असते, तारेखाली सूत घालून जवारी काढलेली असते, तार घोडीला घासत हलते आणि त्यामुळं जे हार्मोनिक उठायलाच नकोत तेही जोरात बोलायला लागतात. मिरजेचे कारागीर कानानं हे पिढ्यान्पिढ्या जमवत आलेत. बेसवर तार फ्रेटला हलकी घासून जो थोडा खणखणीतपणा येतो तो याच कुळातला, म्हणून तार फ्रेटपासून फार उंच करून तो पूर्ण मारून टाकू नका, फक्त सूर लगेच मरेल एवढी घासू देऊ नका.

घरात सराव करताना आणखी एक घोळ होतो. दहा फुटांची खोली असेल तर समोरासमोरच्या भिंतींत साधारण ५७ हर्ट्झला आवाज घुमतो, म्हणजे ए आणि ए शार्पच्या मधे. मग ए वाजवली की खिडकीची काच थरथरते आणि बाकीचे सूर गप्प, आणि पोराला वाटतं बेसमध्येच दोष आहे. बेस बदलू नका, अँप कोपऱ्यातून बाहेर ओढा आणि स्वतःची बसायची जागा बदलून बघा. आणि रात्री हळू आवाजात वाजवताना बेस वाढवू नका. ४० हर्ट्झचा आवाज कानाला नुसता जाणवायलाच साधारण ५० डेसिबल लागतात, तुम्हाला तो ऐकू येईपर्यंत खालच्या मजल्यावरचे उठून बसलेले असतात. त्यापेक्षा हेडफोन बरा.

अलीकडं बेसवाल्यांच्या ग्रुपवरही ४३२ हर्ट्झचं खूळ आलंय. म्हणे ए ला ४४० ऐवजी ४३२ ला लावलं की ते निसर्गाशी जुळतं, पेशी दुरुस्त होतात, मन शांत होतं. ४४० हा आकडा १९३९ मध्ये लंडनच्या परिषदेत सोयीसाठी ठरला, त्याआधी गावोगावी वेगळी पट्टी होती, हे खरं. पण ४३२ मध्येही दैवी काही नाही, कारण हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती, आणि सेकंद हे माप माणसानं ठरवलंय, निसर्गानं नाही. बेसच्या ए तारेवर हा सगळा फरक ५५ ऐवजी ५४ एवढा. ३४ इंच तारेचा मध्य ४३२ मिलिमीटरवर येतो, असे योगायोग आकड्यांत पाहिजे तेवढे सापडतात. नुकसान मात्र खरं आहे, बाकीचा ऑर्केस्ट्रा ४४० ला आणि तुम्ही एकटे ४३२ ला असलात तर तुम्ही सगळ्यांच्या खाली अर्ध्या स्वराच्या, म्हणजे एका फ्रेटच्या, जवळजवळ एक तृतीयांश बेसूर वाजताय. ज्याला आजारपण आहे त्यानं डॉक्टरकडं जावं.

सूर लावण्यावरून आठवलं, आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये चाळीस-बेचाळीस अंशात उघड्यावर कार्यक्रम असेल तर बेस एसी गाडीतून काढून लगेच लावू नका. गरम झालं की स्टीलची तार प्रसरण पावते, ताण उतरतो आणि सूर खाली येतो. स्टेजवर वीस मिनिटं बेस बाहेर काढून ठेवा, मग लावा, आणि ऊन उतरल्यावर परत तपासा, कारण आता सूर वर चढलेला असतो. क्लिपवाला ट्यूनर मोकळ्या ई वर गोंधळत असेल तर बाराव्या फ्रेटवर तारेला नुसतं बोट टेकवून हार्मोनिक काढा. ४१ ऐवजी ट्यूनरला स्वच्छ ८२ मिळतो आणि काटा एका जागी थांबतो. घामानं आणि धुळीनं तारेच्या वेढ्यांत मळ बसला की वरचे हार्मोनिक आधी मरतात, म्हणून वाजवून झालं की सुती फडक्यानं तारा खालून-वरून पुसा, आणि मिड कितीही वाढवला तरी रेकॉर्डिंगमध्ये आवाज मुका वाटायला लागला तर अँपला दोष देण्याआधी तारा बदलून बघा.