‘ज्ञानाने वाढणे’ या शब्दांमागे काय आहे?

काही मराठी ख्रिस्ती घरांत बायबलमधल्या ‘नीतिसूत्रे’ या पुस्तकाचा अध्याय तारीख पाहून वाचतात. आज १२ तारीख, म्हणून बारावा अध्याय. पुस्तकाचे अध्याय ३१, त्यामुळे हिशेब सोपा. अर्थात सगळे महिने ३१ दिवसांचे नसल्याने सद्गुणी स्त्रीचा शेवटचा अध्याय वर्षात सातच वेळा वाट्याला येतो, तो भाग वेगळा. हे वाचायचे कशासाठी, तर ‘ज्ञानाने वाढावे’ म्हणून. बाल येशूही ‘ज्ञानाने’ वाढत गेला, असे लूक (२:५२) सांगतो.

घोळ होतो तो या ‘ज्ञान’ शब्दापाशी. मराठी कानाला ज्ञान म्हटले की ब्रह्मज्ञान आठवते, नाहीतर पोथ्या-पुस्तके. मूळ हिब्रू शब्द ‘होखमा’ मात्र पुष्कळदा कामाच्या जागी भेटतो. बायबलच्या ‘निर्गम’ या पुस्तकाच्या ३१व्या अध्यायात सोन्या-रुप्याचे आणि लाकडाचे काम करणाऱ्या बसालेलला देव होखमा देतो. निर्गम ३५ मध्ये बकऱ्याचे केस कातणाऱ्या बायकांपाशी हीच होखमा आहे. स्तोत्र १०७ मध्ये वादळात सापडलेल्या खलाशांची होखमा पार बुडून जाते. आपण ज्याला ‘हातचे कसब’ किंवा ‘शहाणपण’ म्हणतो, त्याच्या हा शब्द जास्त जवळचा. कसब काही एका रात्रीत येत नाही. हात बसावा लागतो.

नीतिसूत्रे शलमोन राजाच्या नावावर असली तरी ती एका बैठकीत लिहिलेली नाहीत. २५व्या अध्यायापासूनचा संग्रह यहूदाच्या हिज्कीया राजाच्या माणसांनी उतरवून घेतला, म्हणजे इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या अखेरीस किंवा त्याच्या आसपास. ३१व्या अध्यायातला उपदेश लमुएल राजाला त्याच्या आईने केलेला. आणि २२व्या अध्यायाच्या मध्यापासून एक वेगळाच आवाज ऐकू येतो. १९२३ साली ब्रिटिश म्युझियममधला ‘अमेनेमोपेचा उपदेश’ हा इजिप्शियन पपायरस प्रसिद्ध झाला आणि पुढच्याच वर्षी जर्मन पंडित अडोल्फ एरमान यांनी तो उपदेश आणि नीतिसूत्रांचा हा भाग यांतली साम्ये दाखवून दिली. गरिबाला लुबाडू नको, तापट माणसाशी मैत्री नको, शेताची हद्द सरकवू नको. ही शेवटची गोष्ट आपल्याकडे समजावून सांगावी लागत नाही. बांध कोरणारा शेजारी प्रत्येक गावाला माहीत आहे. बायबलात परक्यांचे बोल कसे, असे काही भाविकांना खटकते. मला त्यात वावगे वाटत नाही. शेजाऱ्याचा शहाणा शब्द ऐकावा, हेही शहाणपणच.

नव्या करारात याकोबाने आपल्या पत्रात हाच धागा धरला. ज्ञानाने उणा असलेल्याने ते देवाजवळ मागावे (१:५), आणि ज्ञानी कोण ते त्याच्या सौम्य वागण्यावरून दिसावे (३:१३). चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात तरुण संन्यासी वडीलधाऱ्या ‘अब्बा’कडे जाऊन विनवत, ‘मला एक शब्द सांगा.’ मिळालेला शब्द घेऊन ते परतत आणि तो आचरत राहत.

मराठीत ही परंपरा छापखान्यातून आली. १८११ साली बंगालमधल्या श्रीरामपूरला मराठी नवा करार छापला गेला. १८४२ साली अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनने नियतकालिक काढले, त्याचे नावच ‘ज्ञानोदय’. शब्दांचा खरा हट्ट मात्र पंडिता रमाबाईंनी धरला. कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ पदवी दिलेल्या या बाईंना बायबलच्या भाषांतरात संस्कृताने जड झालेले, हिंदू तत्त्वज्ञानाचा वास असलेले शब्द नको होते. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या, दुष्काळातून वाचवून आणलेल्या बायकांना कळेल असे बायबल त्यांना हवे होते. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मुक्तीत छापखाना होता. तिथल्याच बायका खिळे जुळवत, छपाई करत. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, तेव्हा भाषांतर हातावेगळे झाले होते. संपूर्ण बायबल छापून बाहेर आले ते १९२४ साली.