मेकअप दादा, हेअर दीदी आणि एक कार्ड : चित्रपटसृष्टीतील एका निर्बंधाची पार्श्वभूमी

सर्वोच्च न्यायालयाने १० नोव्हेंबर २०१४ रोजी मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील एका कामगार संघटनेच्या नियमावलीतील दोन कलमे रद्द केली आणि स्त्रियांना मेकअप आर्टिस्ट म्हणून उघडपणे काम करण्याचा मार्ग मोकळा झाला. तोवर हा निर्बंध सुमारे सहा दशके चालत आला होता. त्याचा उल्लेख आजही ‘जुनी प्रथा’ असा केला जातो, पण या शब्दामुळे त्याचे खरे स्वरूप झाकले जाते. प्रथा कोणी मोडली तर फार तर नाराजी ओढवते. इथे मात्र नियम मोडणाऱ्या स्त्रीला दंड भरावा लागत असे, चित्रीकरण थांबण्याची भीती असे आणि काम करायचेच असेल तर व्हॅनिटी व्हॅनचे दार लावून, तपासणीला आलेल्या माणसांची चाहूल घेत ते उरकावे लागे.

हा निर्बंध इतका परिणामकारक का ठरला, हे कार्डाच्या पद्धतीमुळे कळते. हिंदी आणि मराठी चित्रपटांच्या सेटवर कॅमेरा, प्रकाशयोजना, ध्वनी, नेपथ्य, वेशभूषा, रंगभूषा अशा प्रत्येक विभागाची स्वतंत्र संघटना असते, या संघटना एका महासंघाखाली येतात आणि संबंधित संघटनेचे कार्ड नसलेल्या व्यक्तीबरोबर इतर सभासदांनी काम करू नये, असा दंडक असतो. त्यामुळे निर्मात्याला किंवा नायिकेला एखादी रंगभूषाकार कितीही पसंत असली, तरी तिच्याकडे कार्ड नसेल तर तिला घेणे म्हणजे संपूर्ण युनिटचे काम अडचणीत आणणे. सभासदत्व नाकारणे आणि व्यवसाय नाकारणे यांत येथे व्यवहारात काहीच फरक उरत नाही. पुढे न्यायालयात जो वाद झाला त्याच्या मुळाशी हीच गोष्ट होती.

संघटनेत स्त्रियांना प्रवेशच नव्हता, असे मात्र नाही. त्यांना कार्ड मिळत असे, पण ते ‘हेअर ड्रेसर’चे. ‘मेकअप’चे कार्ड पुरुषांसाठी राखीव होते. या दोन शब्दांच्या गुंत्यातच सगळे प्रकरण अडकलेले असल्याने त्यांच्याकडे जरा बारकाईने पाहावे लागते.

सेटवरची बोली या बाबतीत नियमावलीपेक्षा प्रामाणिक आहे. तिथे रंगभूषाकाराला ‘मेकअप दादा’ म्हणतात, जसे ‘स्पॉट दादा’, ‘ड्रेस दादा’, ‘लाइट दादा’. आणि केस करणारी ती ‘हेअर दीदी’, मराठी सेटवर ‘ताई’. नाते जोडून हाक मारण्याची ही रीत गोड आहे, पण कोणते काम कोणाचे हे तीच ठरवून टाकते. मराठी रंगभूमीच्या रंगपटात अशी विभागणी नव्हती. चेहरा रंगवणे, दाढीमिशा चिकटवणे, टोप बसवणे, म्हातारपण आणणे हे सगळे ‘रंगभूषा’ या एकाच शब्दात येई आणि बहुधा एकच माणूस ते करी. चित्रपटात आल्यावर हे काम दोन कार्डांत वाटले गेले. मिशी लावणे मेकअपमध्ये राहिले आणि नायिकेचा अंबाडा घालणे हेअरमध्ये गेले, म्हणजे पुरुषाच्या ओठावरचा केस एका खात्यात आणि स्त्रीच्या डोक्यावरचा दुसऱ्या. कलेच्या दृष्टीने या सीमारेषेला काही आधार नाही. परदेशांतील प्रशिक्षणसंस्थांत दोन्ही कौशल्ये बहुधा एकत्रच शिकवली जातात, आणि ऑस्करच्या रंगभूषा पुरस्काराच्या नावातही २०१२ मध्ये केशरचनेची भर घालण्यात आली. मुंबईत मात्र ही रेषा कामाचे स्वरूप पाहून न आखता काम करणारा पुरुष आहे की स्त्री हे पाहून आखली गेली होती, आणि म्हणून ती ओलांडण्यासाठी कौशल्य वाढवून काही उपयोग नव्हता.

याची मुळे शोधताना मूकपटांच्या काळापर्यंत जाण्याचा मोह होतो. १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीची भूमिका पुरुषाने केली आणि त्याच वर्षीच्या फाळक्यांच्या पुढच्या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला या दोघी पडद्यावर आल्या, हे वाचकांना ठाऊकच आहे. त्यापेक्षा कमी सांगितली जाणारी गोष्ट अशी की फिल्मला भोके पाडणे, रसायने कालवणे आणि युनिटचा स्वयंपाक करणे ही कामे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फाळके करीत होत्या. भारतीय चित्रपटाच्या पहिल्या तंत्रज्ञांत एक स्त्री होती, पण तेव्हा कार्डे नव्हती, म्हणून तिला कोणी अडवले नाही. प्रभात किंवा बॉम्बे टॉकीजसारख्या कंपन्यांच्या काळातही माणसे पगारावर असत आणि रंगभूषेचा विभाग कंपनीचाच असे. कोणाला घ्यायचे हे मालक ठरवी. भेदभाव तेव्हाही होता, पण तो प्रत्येक कंपनीच्या दारात वेगवेगळा होता आणि एखाद्या मालकाने मनात आणले तर त्याला वळसा घालता येत होता.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ही कंपनीपद्धत ढासळली. चित्रपटामागे नवा पैसा आला, निर्माते स्वतंत्र झाले, कामगारांना दर चित्रपटामागे किंवा दर दिवसामागे मोबदला मिळू लागला आणि तो बुडण्याचे प्रमाणही वाढले. पन्नाशीच्या दशकात विभागवार संघटना उभ्या राहिल्या त्या यातूनच. थकलेली देणी वसूल करणे, कामाचे तास ठरवून घेणे, आजारपणात मदत करणे ही कामे या संघटनांनी केली आणि असंघटित कारागिरांना पहिल्यांदा काहीएक बळ दिले, हे मान्य केलेच पाहिजे. पण कामगारांना ज्या साधनाने संरक्षण दिले, त्याच साधनाने इतरांना बाहेरही ठेवले. ते साधन म्हणजे कार्ड. कंपनीच्या काळातील विखुरलेला भेदभाव आता एका ठिकाणी, लेखी स्वरूपात आणि संपूर्ण उद्योगाला लागू होईल असा झाला.

निर्बंधाच्या समर्थनार्थ संघटनेने मांडलेला मुख्य युक्तिवाद नीतीचा किंवा परंपरेचा नव्हता, पोटाचा होता. स्त्रिया मेकअप करू लागल्या तर नायिका आणि कदाचित नायकही त्यांनाच पसंती देतील आणि पुरुष कारागिरांचे काम जाईल. दोघांनाही रोजगार मिळून दोघांचीही कुटुंबे चालावीत म्हणून हे वाटप आहे, अशी ती मांडणी होती. वरवर पाहता यात एक प्रकारची न्यायबुद्धी दिसते. परंतु वाटणी बरोबरीची नव्हती. भाजलेली त्वचा, जखमा, वार्धक्य, प्रोस्थेटिक्स (चेहऱ्यावर चिकटवायचे कृत्रिम भाग), म्हणजे ज्या कामामुळे रंगभूषाकाराचे नाव होते, ते सगळे एकाच बाजूला होते. शिवाय स्त्रिया अधिक पसंत पडतील म्हणून त्यांना रोखावे, या म्हणण्यातच त्यांच्या योग्यतेची कबुली होती. उपग्रह वाहिन्या आल्यावर, विशेषतः दैनंदिन मालिकांचा जोर वाढल्यावर, रंगभूषेची मागणी कितीतरी वाढली तरी हा युक्तिवाद बदलला नाही. दादरला किंवा डोंबिवलीला दर लग्नसराईत डझनावारी नवऱ्यामुली सजवणारी स्त्री गोरेगावच्या चित्रनगरीत तोच ब्रश हातात धरू शकत नव्हती, आणि यात कोणाला विसंगती वाटत नव्हती.

प्रकरण न्यायालयापर्यंत नेणाऱ्या रंगभूषाकारांपैकी एकीने परदेशात रीतसर प्रशिक्षण घेतले होते. २००९ मध्ये तिने मेकअप आर्टिस्टच्या कार्डासाठी केलेला अर्ज नाकारण्यात आला. त्यानंतर महिला आयोग, कामगार संघटनांचे निबंधक असे दरवाजे ठोठावून झाले आणि अखेर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात थेट याचिका दाखल झाली.

येथे कायद्याचा जो पेच होता तो निकालाच्या बातम्यांच्या मथळ्यात मावण्यासारखा नव्हता. मूलभूत हक्क हे प्रामुख्याने राज्यसंस्थेविरुद्ध मागता येतात आणि कामगार संघटना ही सरकार नव्हे. उलट, संघटना स्थापन करण्याचे स्वातंत्र्य संविधानानेच दिलेले असल्याने आपले सभासद कोण असावेत हे ठरवण्याचा अधिकार संघटनेला आहे, असे म्हणता येत होते. कामगार संघटना अधिनियम, १९२६ हा ज्याचा आधार घ्यायचा तो कायदाही पूर्णपणे निःसंदिग्ध नव्हता. त्याच्या कलम २१ नुसार पंधरा वर्षे पूर्ण झालेली ‘कोणतीही व्यक्ती’ नोंदणीकृत संघटनेची सभासद होऊ शकत असे, परंतु त्याच वाक्यात ‘संघटनेच्या नियमांत याविरुद्ध काही नसल्यास’ अशा अर्थाची पुस्ती जोडलेली होती. वसाहतकाळात लिहिलेल्या या शब्दांचा अर्थ काय लावायचा, यावर बरेच काही अवलंबून होते. संघटनेला वाटेल तो नियम करण्याची मुभा त्यातून मिळते, असा अर्थ घेतला तर याचिका तिथेच संपत होती.

न्यायालयाने वाट काढली ती निबंधकाच्या टेबलावरून. संघटना खाजगी असली तरी तिची नोंदणी कायद्याखाली होते, तिचे नियम एका वैधानिक अधिकाऱ्याकडे दाखल होतात आणि तो ते स्वीकारतो. मग केवळ स्त्री आहे म्हणून व्यवसाय नाकारणारा नियम त्याने स्वीकारावा, हे संविधानाच्या चौकटीत बसत नाही, असा निष्कर्ष निघाला. कायदा ‘व्यक्ती’ म्हणतो, पुरुष किंवा स्त्री असे म्हणत नाही. संविधानातील समतेचा हक्क देणारे कलम १४, व्यवसायस्वातंत्र्याचे कलम १९(१)(छ) आणि सन्मानाने जगण्याचा हक्क ज्यात अंतर्भूत आहे ते कलम २१, या तिन्हींचा भंग झाल्याचे न्यायालयाने मानले. महाराष्ट्रात पाच वर्षे वास्तव्य असल्याशिवाय सभासदत्व नाही, ही दुसरी अटही याच निकालात गेली. तिच्याबद्दल आपल्याकडे त्या मानाने कमी बोलले गेले, कदाचित ती रद्द होणे सर्वांनाच रुचण्यासारखे नव्हते म्हणून. पण परराज्यातून आलेल्या स्त्रीसाठी लिंग आणि वास्तव्य ही एकाच दाराला लावलेली दोन कुलुपे होती, आणि एकच उघडून ती आत येऊ शकली नसती. कामाच्या ठिकाणी या स्त्रियांना त्रास दिला जाणार नाही याकडे पोलिसांनी लक्ष द्यावे, असेही न्यायालयाने बजावले. रंगभूषेसारख्या कामासाठी पोलिसांचा उल्लेख करावा लागावा, यावरून सेटवरच्या वातावरणाची कल्पना यावी.

कारागिरांच्या संघटना हेच प्रवेशद्वार असणे ही मुंबईपुरती गोष्ट नाही. हॉलिवूडमध्ये वर्णभेदाचा प्रश्न प्रथम सरकारी पातळीवर गंभीरपणे तपासला गेला तो १९६९ मध्ये, लॉस एंजेलिस येथील रोजगार समानतेविषयीच्या सुनावणीत, आणि तेव्हाही बोट ठेवले गेले ते स्टुडिओंच्या बरोबरीने संघटनांच्या अनुभवाधारित नोंदवह्यांवर. पूर्वी काम केलेल्यांनाच आधी काम, असा तो नियम होता, आणि कृष्णवर्णीयांना व मेक्सिकन वंशाच्या कामगारांना पूर्वी काम मिळालेलेच नसल्याने पुढेही मिळत नव्हते. १९७० मध्ये संघीय न्याय खात्याने त्यावर तडजोड घडवून आणली. तरीही रंगभूषा आणि केशरचनेचे ऑस्कर कृष्णवर्णीय स्त्रियांना पहिल्यांदा मिळायला २०२१ साल उजाडले. तिथला नियम वर्णाचे नाव न घेता वर्ण पाहत होता, आपला नियम मात्र सरळ नाव घेऊन बोलत होता; निदान त्यामुळे तो न्यायालयात पकडता तरी आला.

२०१४ नंतरच्या घडामोडी वेगाने झाल्या आणि त्यांचे केंद्र मुंबईबाहेर सरकले. २०१७ मध्ये केरळमध्ये एका अभिनेत्रीवर झालेल्या अत्याचारानंतर तेथील चित्रपटव्यवसायातील स्त्रियांनी एकत्र येऊन आवाज उठवला आणि राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीचा अहवाल ३१ डिसेंबर २०१९ रोजी सरकारला मिळाला, पण काही मजकूर वगळून तो लोकांसमोर यायला १९ ऑगस्ट २०२४ उजाडावे लागले. लैंगिक शोषणाच्या तपशिलांमुळे तो गाजला, परंतु सेटवर स्त्रियांसाठी स्वच्छतागृह नाही, कपडे बदलायला जागा नाही, यांसारख्या गोष्टींचीही त्यात नोंद आहे. दरम्यान मार्च २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने प्रत्येक चित्रपटनिर्मितीत अंतर्गत तक्रार समिती असणे आवश्यक ठरवले. प्रवेशाचा प्रश्न सुटल्यावर आत टिकून राहण्याचा प्रश्न पुढे आला, असे या घटनांकडे पाहता येईल, मात्र प्रवेशाचा प्रश्न सुटला हे गृहीत धरणे घाईचे ठरेल.

रंगभूषेपुरते पाहिले तर आज मुंबईत स्त्रियांकडे कार्डे आहेत, श्रेयनामावलीत नावे आहेत आणि व्हॅनचे दार लावून घेण्याची गरज उरलेली नाही. तांत्रिक विभागांचे चित्र सरसकट सारखे नाही. छायाचित्रण, संकलन, वेशभूषा या विभागांत चित्रपटशिक्षणसंस्थांतून बाहेर पडलेल्या स्त्रियांनी आपापल्या परीने जागा मिळवली आहे. मात्र प्रकाशयोजनेचे जड दिवे हलवणारे, सेट उभारणारे, क्रेन ओढणारे विभाग आजही जवळजवळ पूर्णपणे पुरुषांचेच आहेत, आणि ज्या विभागाच्या नियमावलीत स्त्रियांना मनाई करणारे कलम लिहिलेलेच नाही, तिथे न्यायालयात जाऊन रद्द करून घेण्यासारखे काही नसते.