खंडित वीजपुरवठ्याची भरपाई (महाराष्ट्र)

गेलेली लाइट ठरलेल्या मुदतीत परत आली नाही, तर वीज वितरण करणाऱ्या कंपनीने ग्राहकाला द्यावयाची रक्कम. विद्युत कायदा, २००३ च्या कलम ५७ मधून हा हक्क येतो. मुदत किती तासांची आणि दर किती, हे महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग विनियमांनी ठरवतो. महावितरण, मुंबई बेटावरची बेस्ट, उपनगरांतली अदानी इलेक्ट्रिसिटी आणि टाटा पॉवर या सर्वांना हा नियम सारखाच लागू आहे. भिवंडीसारख्या ठिकाणी बिल व दुरुस्तीचे काम फ्रँचायझी कंपनी पाहते. तिथेही परवाना महावितरणचाच असल्याने ग्राहकाचा हक्क तसाच राहतो.

वीस वर्षांहून जुना असलेला हा हक्क सामान्य घरांपर्यंत फारसा पोचलेला नाही. कायदा दुबळा म्हणून असे झालेले नाही. ‘लाइट कधी गेली’ याची कागदोपत्री नोंदच बहुतेक घरांत होत नाही, आणि सगळा दावा त्या एका नोंदीवर उभा असतो.

कायद्यातील आधार

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाच्या काळात वीजपुरवठा हे सरकारी खात्यासारखे काम होते. डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाला की गावाने वाट पाहायची, फार झाले तर आमदाराकडे जायचे. १९९९ मध्ये राज्यात नियामक आयोग स्थापन झाला, २००३ मध्ये नवा विद्युत कायदा आला आणि जून २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरणकडे गेले. वीज देणारा हा परवानाधारक आणि घेणारा हा ग्राहक, असे नाते कायद्याने प्रथमच स्पष्ट मांडले.

कलम ५७ तीन पायऱ्यांत बोलते. आयोगाने परवानाधारकासाठी ‘कृतीची मानके’, म्हणजे सेवा किती वेळात आणि कशी द्यायची याचे निकष, ठरवावीत. ती पाळली गेली नाहीत तर परवानाधारकाला म्हणणे मांडण्याची संधी देऊन आयोग ठरवील ती भरपाई बाधित व्यक्तीला मिळावी. आणि ती ठरल्यापासून ९० दिवसांत चुकती व्हावी. भरपाई दिली म्हणून दंड किंवा खटला टळत नाही, हेही कलमातच आहे.

याच कलमाच्या नावाने व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षे एक निरोप फिरतो. शेतात विजेचा खांब किंवा डीपी असेल तर शेतकऱ्याला कलम ५७ नुसार दरमहा दोन ते पाच हजार रुपये भाडे मिळते, असे त्यात लिहिलेले असते. कलम ५७ मध्ये खांबाच्या वा डीपीच्या भाड्याचा शब्दही नाही. या निरोपावर विसंबून अर्ज करणारे शेतकरी रिकाम्या हाताने परततात, आणि त्याच निरोपात कधी कधी खाली लिहिलेली तासांच्या भरपाईची गोष्ट खरी असूनही ‘हेही तसलेच’ म्हणून सोडून देतात. हे नुकसान मोठे आहे.

मुदती आणि दर

आयोगाचे कृतीच्या मानकांचे पहिले विनियम २००५ चे. २०१४ मध्ये ते बदलले आणि २०२१ मध्ये वीजपुरवठा संहिता, कृतीची मानके व विजेची गुणवत्ता यांचे एकत्र विनियम आले. आजचा दावा २०२१ च्या विनियमांना जोडलेल्या तक्त्यावरून करायचा असतो. जुने आकडे लोकांच्या तोंडी इतके बसले आहेत की बऱ्याच अर्जांत अजून तेच लिहिले जातात, म्हणून अर्जापूर्वी आयोगाच्या संकेतस्थळावरचा तक्ता पाहून घ्यावा.

तक्त्याची रचना मात्र पहिल्यापासून तीच आहे. बिघाड कोणता आणि जागा कोणती, यावर मुदत ठरते. खांबावरचा फ्यूज गेला असेल तर तास थोडे. तार तुटली असेल तर जास्त. रोहित्र, म्हणजे लोकांच्या भाषेत डीपी, जळाले असेल तर त्याहून जास्त. शहराला कमी मुदत आणि खेड्याला जास्त. २००५ च्या मानकांत डीपी बदलण्यासाठी शहरात २४ तास आणि ग्रामीण भागात ४८ तास होते. मुदत उलटल्यावर दर तासाला किंवा त्याच्या भागाला ५० रुपये, हा दर तेव्हाच रूढ झाला.

त्या दराने हिशोब असा होई. वाडीतला डीपी सोमवारी सकाळी आठला जळाला, तक्रार लगेच नोंदली आणि लाइट पुढच्या रविवारी सकाळी आठला आली. एकूण १४४ तास. त्यातून ४८ वजा केले की उशीर ९६ तासांचा, म्हणजे एका ग्राहकाला ४,८०० रुपये. त्याच डीपीवर चाळीस घरे असतील तर चाळीस वेगळे दावे उभे राहतात, कारण भरपाई ‘बाधित व्यक्ती’ची आहे. ती डीपीची नाही आणि गावाचीही नाही. दाव्यांची ही बेरीजच कंपनीला डीपी लवकर बदलायला लावण्याजोगी आहे. एकट्याने केलेला अर्ज तेवढा भार टाकत नाही.

खेड्याला दुप्पट मुदत देण्यामागे अंतर, डोंगर आणि माणसांची कमतरता ही कारणे आहेत आणि ती खरी आहेत. पण अंधार खेड्यात अर्ध्या वेगाने जात नाही. पाण्याची मोटर, पिठाची गिरणी आणि मोबाइलचे चार्जिंग एकाच वेळी बंद पडते तिथे ४८ तास फार लांब असतात.

घड्याळ केव्हा सुरू होते

मुदत लाइट गेल्याच्या क्षणापासून मोजत नाहीत. ती तक्रार मिळाल्यापासून मोजली जाते. सगळी गोम इथे आहे.

गावात लाइट गेली की पहिला फोन लाइनमनला जातो. त्याचा नंबर प्रत्येकाकडे असतो, तो ओळखीचा असतो, आणि बऱ्याचदा भर पावसात खांबावर चढून तोच लाइट आणतो. त्याच्याबद्दल गावाला आपलेपणा असतो आणि तो योग्यच आहे. पण त्याच्या मोबाइलवर केलेल्या फोनची कुठे नोंद होत नाही. ‘डीओ उडालाय, बघतो’ (डीओ म्हणजे खांबावरचा फ्यूज) असे तो म्हणाला तरी कंपनीच्या संगणकात त्या वाडीत लाइट असते. पुढे चार दिवसांनी भरपाई मागायला गेले की कार्यालय विचारते, तक्रार क्रमांक काय? तो नसतो.

म्हणून लाइनमनला कळवावे आणि लगोलग १९१२ या देशभरच्या टोल फ्री क्रमांकावर, कंपनीच्या ॲपवर किंवा उपविभागीय कार्यालयात लेखी तक्रारही करावी. महावितरणच्या बिलावर बारा अंकी ग्राहक क्रमांक असतो. तो सांगितला की तक्रार त्या ग्राहकाच्या नावे नोंदली जाते आणि क्रमांक मिळतो. तो क्रमांक, तारीख व वेळ बिलाच्याच मागे लिहून ठेवावी. वाडीतल्या एकाने तक्रार केली म्हणून बाकीच्यांचे काम भागले असे समजू नये. वेगळा दावा करायचा असेल तर वेगळी तक्रार असलेली बरी.

दुसरी अडचण तक्रार बंद होण्याची. लाइट आलेली नसताना ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे’ असा संदेश येतो आणि घड्याळ थांबते. असा संदेश आला तर त्याच दिवशी दुसरी तक्रार करावी आणि पहिलीचा क्रमांक तिच्यात सांगावा. लाइट खरोखर आली ती वेळही लिहून ठेवावी, कारण दाव्याचे दुसरे टोक तेच आहे. शेजाऱ्यांच्या सह्यांचा साधा पंचनामा, सोसायटीच्या नोंदवहीतली नोंद, डीपी उतरवताना काढलेला फोटो, हे सगळे पुढे गाऱ्हाणे निवारण मंचासमोर उपयोगी पडते.

एकच फेज गेली असेल तर तक्रारीत तसे सांगावे. शेजारच्या घरात दिवा लागलेला पाहून ‘पुरवठा सुरू आहे’ अशी नोंद होण्याचा धोका असतो. कमी दाबाची, म्हणजे व्होल्टेजची तक्रार हा वेगळा विषय आहे; तिची मानके आणि मुदत वेगळी.

देखभालीसाठी आधी कळवून केलेली बंदी हा बिघाड नव्हे. पुण्यातल्या गुरुवारच्या बंदीची तेथील लोकांना सवय आहे. भारनियमनाचेही तसेच होते. वितरण व वाणिज्यिक हानीप्रमाणे, म्हणजे गळती, चोरी आणि थकबाकी पाहून, फीडरचे (वीजवाहिन्यांचे) ए ते जी असे गट पाडून रोज वेळापत्रकाने लाइट घालवली जाई, तेव्हा त्या तासांवर दावा उभा राहत नसे.

दावा आणि पुढची वाट

२००५ च्या विनियमांनी दाव्यासाठी ६० दिवसांची मुदत घातली आणि २०१४ मध्ये ती कायम राहिली. अंधार संपला की लोक कामाला लागतात, दोन महिने सहज निघून जातात. अर्ज लाइट आल्याच्या आठवड्यातच द्यावा. त्यात ग्राहक क्रमांक, तक्रार क्रमांक, लाइट गेल्याची व आल्याची वेळ, बिघाडाचा प्रकार, मुदतीपेक्षा जास्त झालेले तास आणि मागितलेली रक्कम एवढे पुरते. अर्ज उपविभागीय कार्यालयात द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. रक्कम सहसा रोख हातात येत नाही, बिलात वजा होते.

कार्यालयाने नाकारले किंवा उत्तरच दिले नाही, तर कलम ४२ खाली स्थापन झालेला ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे. मंच कंपनीच्या परिमंडळांत असतो आणि त्याच्या तीन सदस्यांत एक ग्राहकांचा प्रतिनिधी असतो. गाऱ्हाण्याचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथे जाता येते. वकिलाची गरज नसते. साध्या मराठीत लिहिलेला अर्ज चालतो. मंचाच्या निर्णयाने समाधान झाले नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपालाकडे जाता येते. राज्यात लोकपालांची कार्यालये मुंबई आणि नागपूर अशी दोन आहेत. महाराष्ट्र वीज ग्राहक संघटना आणि मुंबई ग्राहक पंचायत यांसारख्या संस्था ग्राहकांच्या बाजूने या क्षेत्रात बरीच वर्षे काम करीत आहेत.

या वाटेने मिळते ते तक्त्यातले पैसे. लाइट नसल्याने फ्रीजमधली औषधे वाया गेली, आइस्क्रीमचा माल वितळला, झेरॉक्सचे दुकान चार दिवस बंद राहिले, अशा पुढच्या नुकसानीची किंवा बुडालेल्या नफ्याची भरपाई मंच देऊ शकत नाही. विनियमांनी तसे स्पष्ट केले आहे. त्यासाठी ग्राहक आयोगाचा, म्हणजे ग्राहक न्यायालयाचा, रस्ता राहतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये वीज पुरवणे ही ‘सेवा’ मानली आहे, आणि विद्युत कायद्याच्या कलम १७३ ने त्या कायद्याला आडकाठी केलेली नाही.

वादळ, पूर आणि ग्रिड

चक्रीवादळ, पूर, भूकंप, दंगल अशा कंपनीच्या आवाक्याबाहेरच्या प्रसंगी मानके लागू होत नाहीत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ जमिनीवर आले. रायगड आणि रत्नागिरीच्या उत्तर भागात खांबच्या खांब आडवे झाले आणि काही गावांत कित्येक आठवडे लाइट नव्हती. २०१९ च्या ऑगस्टमधला सांगली-कोल्हापूरचा महापूर आणि जुलै २०२१ मधला चिपळूण-महाडचा पूर याच जातीचे. उपकेंद्र पाण्याखाली असताना फीडर सुरू करणे म्हणजे माणसे मारणे, आणि तिथे कंपनीला तासांच्या तक्त्यावर धरणे अन्यायाचे होईल. पडलेले खांब चिखलातून उभे करणाऱ्या कर्मचाऱ्यांचे ऋण कोकण विसरणार नाही.

प्रश्न वादळ गेल्यानंतरचा असतो. मुख्य वाहिनी सुरू झाली, शेजारच्या वाडीत लाइट आली, आणि एका वाडीचा डीपी मात्र तसाच पडून राहिला. त्या उशिरालाही वादळाचेच कारण चालेल काय? आपत्तीची सूट ही आपत्तीने अडवले तेवढ्यापुरती समजावी, हेच सुसंगत वाटते. दावा करणाऱ्याने शेजारच्या वाडीत लाइट कधी आली ती तारीख अर्जात अवश्य घालावी.

वितरणाच्या वरचा, म्हणजे दूरवरून वीज आणणाऱ्या पारेषण वाहिन्यांच्या जाळ्यातला (ग्रिडमधला), बिघाड हा आणखी एक अपवाद. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा भागातल्या पारेषण वाहिन्यांतल्या बिघाडाने मुंबई व आसपासचा भाग अंधारला आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. घरातल्या माणसाला दोन्ही अंधार सारखेच, पण दोष पारेषणात असल्याने वितरण कंपनीवर तासांचा दावा टिकत नाही.

आपोआप भरपाई

३१ डिसेंबर २०२० रोजी केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने विद्युत (ग्राहकांचे हक्क) नियम काढले. त्यांच्या नियम १३ ने मोठी गोष्ट सांगितली: ज्या मानकांवर दुरून देखरेख ठेवता येते, त्यांचा भंग सिद्ध झाला की भरपाई ग्राहकाने न मागता आपोआप मिळावी आणि चालू वा पुढच्या बिलात वजा व्हावी. ठरावीक काळापलीकडे पुरवठा नसणे आणि वारंवार लाइट जाणे, या दोन्हींची नावे त्यात आहेत. गोव्यात वितरण सरकारच्या वीज खात्याकडे आणि नियमन संयुक्त विद्युत नियामक आयोगाकडे आहे. कलम ५७ आणि हे नियम तिथेही लागू होतात.

लाइट घरी कधी नव्हती हे यंत्राने मोजणे अवघड नाही. पुण्याच्या प्रयास ऊर्जा गटाने २००७ पासून घराघरांत छोटी उपकरणे बसवून मिनिटामिनिटाचा व्होल्टेज नोंदवून दाखवला आहे. आता स्मार्ट मीटर बसत आहेत आणि पुरवठा गेल्याची वेळ त्यांतही नोंदली जाऊ शकते. ती नोंद ग्राहकाच्या बिलावर छापून येत नाही तोवर वाडीतल्या माणसाचा पुरावा एकच: १९१२ वर मिळालेला तक्रार क्रमांक.