शोचिकेत्साल व शोचिपिल्ली

शोचिकेत्साल व शोचिपिल्ली : मध्य मेक्सिकोतील आस्तेक लोकांच्या फुले, प्रेम, सौंदर्य आणि सुफलता यांच्या देवता. त्यांच्या नावात्ल भाषेत ‘शोचित्ल’ म्हणजे फूल. शोचिकेत्सालच्या नावात फुलाला केत्साल पक्ष्याचे मौल्यवान हिरवे पीस जोडलेले आहे. शोचिपिल्ली म्हणजे फुलांचा राजपुत्र. या भाषेत कवितेलाच ‘फूल-गाणे’ म्हणत, तेव्हा फुलांच्या देवतांकडे कलाही आल्या यात नवल नाही.

शोचिकेत्साल तरुण देवी. डोक्यावरचे पिसांचे दोन उभे तुरे ही तिची चित्रातली खूण. विणकर, भरतकाम करणाऱ्या बायका आणि चित्रकार तिला मानत, तशाच गरोदर स्त्रिया आणि गणिकाही. ती पर्जन्यदेव त्लालोकची बायको. तेस्कात्लिपोका या देवाने तिला पळवून नेले, अशी कथा त्लाश्काला भागात सांगत.

दिएगो दुरान या डोमिनिकन धर्मगुरूने १६ व्या शतकात केलेले तिच्या सणाचे वर्णन वाचताना अंगावर काटा येतो. थंडीने फुले करपण्यापूर्वी त्यांना द्यायचा हा निरोप. देवीचे रूप दिलेल्या स्त्रीचा बळी जाई. तिचे कातडे अंगावर चढवून एक पुरुष विणण्याचे सोंग करी आणि माकड, कुत्रा, कोयोटे (लांडग्यासारखा प्राणी) बनलेले कारागीर हातात आपापली हत्यारे घेऊन नाचत.

शोचिपिल्ली संगीत, नृत्य आणि खेळांचा देव. त्लालमानाल्को येथे सापडलेली त्याची दगडी मूर्ती आता मेक्सिको सिटीच्या मानववंशशास्त्र संग्रहालयात आहे. तो पाय दुमडून, मान वर करून बसला आहे. अंगावर कोरलेल्या फुलांत नशा आणणाऱ्या वनस्पती ओळखल्या गेल्या आहेत. त्याचेच जवळचे रूप माकुइलशोचित्ल, म्हणजे ‘पाच-फूल’. पातोल्ली हा पटावरचा खेळ खेळताना खुणा केलेल्या घेवड्याच्या बिया टाकण्याआधी खेळाडू त्याचा धावा करत. फुलीच्या आकाराचा हा पट आपल्या पच्चीशीसारखा दिसतो. त्यावरून ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड टायलरने १९ व्या शतकात आशियाशी संबंध जोडला होता, पण नुसत्या साम्यावर तो टिकत नाही. उपवासात संग करणाऱ्याला माकुइलशोचित्ल मूळव्याध देई, अशी समजूत होती.

शिक्षेची ही बाजू त्लासोलतेओत्ल या देवीत अधिक ठळक आहे. ती कामवासनेची, घाणीची आणि बाळंतपणाचीही. तिच्याशी एकरूप मानलेल्या तोसी या देवीच्या सणात सुइणी आणि वैदू बायका दोन गट करून एकमेकींवर झेंडूची फुले फेकत. झेंडू मूळचा तिथलाच. व्यभिचाराचा कबुलीजबाब त्लासोलतेओत्लच्या पुजाऱ्यापुढे द्यायचा, पण माफी आयुष्यात एकदाच. म्हणून लोक तो म्हातारपणापर्यंत लांबवत, असे साहागुन या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने नोंदवले आहे.