परांचीवर चढण्याआधी: रस्त्यावर चित्रं काढणाऱ्या बायकांची पार्श्वभूमी

एखाद्या बाईने चार मजली भिंत रंगवली की ‘पहिली महिला’ अशा थाटाचा मथळा हमखास येतो. पण येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नजरेसमोर, भिंतीवर नाहीतर जमिनीवर चित्र काढणं हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बायकांचंच काम आहे. नवी आहे ती उंची, कामाचा मोबदला आणि चित्राखाली नाव घालायची सोय. या तिन्ही गोष्टी बायकांना उशिरा मिळाल्या. त्यामागे बराच इतिहास आहे.

डहाणू-तलासरीकडच्या वारली घरांत लग्नाचा चौक, म्हणजे लग्नासाठी भिंतीवर काढायचं चौकोनी चित्र, सवासणी लिहितात. शेणामातीने सारवलेल्या भिंतीवर आधी गेरूचा हात, मग तांदळाचं पीठ पाण्यात कालवून केलेला पांढरा रंग आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी, एवढंच साहित्य. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी. ते सुरू असताना धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते आणि तिच्याशिवाय लग्न लागत नाही. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हे चित्रकार तिथे कागद घेऊन गेले आणि हीच रेघ विक्रीसाठी कागदावर उतरली. पुढे नावारूपाला आले ते गंजाडचे जिव्या सोमा मशे. त्यांना 1976 साली राष्ट्रीय पुरस्कार आणि 2011 साली पद्मश्री मिळाली. मशे यांच्या कुवतीबद्दल शंका घेण्याचं कारणच नाही. तरी त्यांच्यामागून बाजारात आलेले बहुतेक वारली चित्रकार पुरुष होते, हेही तितकंच खरं. चौक लिहिणाऱ्या सवासणींची नावं कुणी टिपून ठेवली नाहीत.

हेच कुलकर्णी त्याआधी, 1966-67च्या दुष्काळात, बिहारमधल्या मिथिलेत कागद घेऊन गेले होते. तिथे मात्र चित्र बायकांच्याच हाती राहिलं. जगदंबा देवी, सीता देवी, गंगा देवी यांची नावं देशभर झाली. 2017 साली मधुबनी रेल्वे स्थानकाच्या सुमारे 7,000 चौरस फूट भिंती स्थानिक चित्रकारांनी रंगवल्या, त्यांत बायकाच जास्त होत्या. काम बहुतांशी श्रमदानाचं होतं. म्हणजे नाव झालं, मजुरीचं घोडं तिथेही अडलंच.

महाराष्ट्रात शहरी बायकांची रस्त्यावरची चित्रकला म्हणजे रांगोळी. उंबऱ्यापुढची रांगोळी जुनीच, पण चौक अडवून काढलेली पंधरा-वीस फुटी रांगोळी अलीकडची. 1999 साली डोंबिवलीत गुढीपाडव्याची शोभायात्रा सुरू झाली. पुढे गावोगावी तशा यात्रा निघू लागल्या आणि त्यांच्या वाटेवर असं काम करणाऱ्या बायकांचे गट तयार झाले. पालखीच्या वाटेवरही हेच दिसतं.

तंत्र सोपं वाटतं, सोपं नाही. रस्ता झाडून पाण्याचा हलका शिपका मारायचा आणि पूर्ण सुकू द्यायचा. ओल राहिली तर रंगाचे गोळे होतात आणि कडा फुटतात. मध्ये खिळा किंवा कुणाचा तरी अंगठा, त्याला सुतळी, सुतळीच्या टोकाला खडू, की झालं वर्तुळ. रंग चाळणीने पसरायचा. दहा फूट व्यासाचं वर्तुळ भरायला सात ते दहा किलो रंगीत रांगोळी लागते, डांबर खडबडीत असेल तर आणखी. पांढरी रेघ चिमटीतून सोडली तर बारीक येते. पाची बोटं जुळवून सोडली तर जाड आणि एकसारखी येते, म्हणून मोठ्या कामात हीच पद्धत. काम कायम मधून बाहेर न्यायचं, नाहीतर स्वतःच्याच रेघेवर पाय पडतो. बारीक दळलेली स्वस्त रांगोळी वाऱ्यावर उडते, त्यामुळे जरा भरड, जड घ्यावी. मिरवणूक येण्याआधी दोन-तीन तासांत सगळं संपवायचं आणि मग ती पायाखाली जाणार हे गृहीतच. रस्त्यावर बसून काढलेल्या या चित्राला कुणी हरकत घेत नाही. तीच बाई भिंतीला ब्रश लावते तेव्हा प्रश्न सुरू होतात.

मुंबईत भिंती सामान्य माणसासाठी खुल्या झाल्या त्या 2009 साली. सेनापती बापट मार्गालगतची रेल्वेची भिंत रंगवायला महापालिकेने परवानगी दिली आणि शेकडो लोक ब्रश घेऊन उतरले. ‘द वॉल प्रोजेक्ट’ या गटाचा त्यात पुढाकार होता. गटाच्या संस्थापकांपैकी एक, धन्या पिलो. डिसेंबर 2012च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारानंतर या चित्रांचा सूर बदलला. चित्रकार जस चरणजिवा यांची, बोटांत ‘बूम’ लिहिलेली धातूची मूठ चढवलेली गुलाबी बाई तेव्हाची. शिलो शिव सुलेमान यांचं ‘फिअरलेस कलेक्टिव्ह’ हा कलाकारांचा गटही त्याच लाटेतलं. 2014 साली चित्रकार अनपू वर्की आणि जर्मन चित्रकार हेंड्रिक बाइकिर्श यांनी दिल्ली पोलिसांच्या तेव्हाच्या मुख्यालयावर सुमारे 150 फूट उंच गांधीजी रंगवले. 2016 साली बंगळूरमध्ये पूर्णिमा सुकुमार यांनी ‘अरवाणी आर्ट प्रोजेक्ट’ सुरू केला. त्यात तृतीयपंथी स्त्रिया स्वतः भिंती रंगवतात. 2017 साली ससून डॉकच्या भिंतींवर कोळणींचे मोठे चेहरे आले, सुरेखच आहेत, पण ते रंगवले गायडो व्हॅन हेल्टन या ऑस्ट्रेलियन पुरुषाने. भिंतीवर बाई सहज चढते. परांचीवर तितक्या सहज नाही.

परांचीवरचं काम निम्मं गवंड्याचं आहे. 30 बाय 40 फुटांची भिंत म्हणजे 1,200 चौरस फूट. एक हात प्रायमरला 12 ते 15 लिटर लागतो, दोन हात बाहेरच्या भिंतीच्या इमल्शन रंगाला 20 ते 24 लिटर. गिलावा खडबडीत असला तर पाव हिस्सा वाढवून धरावा. नव्या गिलाव्याला निदान 28 दिवस द्यावेत, नाहीतर आतले क्षार रंगाला पोपडे आणतात. ओल भिंतीच्या मागून येत असेल तर वरून काहीही लावा, फुगणारच. आधी गळती थांबवायची. आराखड्यासाठी निळीत बुडवलेली दोरी ताणून फटके मारायचे आणि चौकटी पाडायच्या. हल्ली भिंतीवर वेड्यावाकड्या खुणा करून त्यांच्या फोटोवर मोबाइलमध्ये रेखाटन ठेवतात, उंच भिंतीला ते जास्त सोयीचं. भडक गुलाबी आणि पिवळा उन्हात लवकर उडतात, गेरू आणि काळा टिकतात. खालच्या तीन फुटांवर चेहरे घेऊ नयेत. तिथे चिखल आणि पानाची पिचकारी दोन्ही पोचतात.

बायकांचं गणित अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. सकाळी सातला परांचीवर चढलेली चित्रकार शौचालय नाही म्हणून दिवसभर पाणी पीत नाही आणि दुपारच्या उन्हात तिला चक्कर येते. त्यामुळे जागा ठरवतानाच जवळचं स्वच्छतागृह कुठे, त्याची किल्ली कुणाकडे, हे विचारून घ्यावं. सुरक्षा पट्टे बहुधा पुरुषी मापाचे येतात, छातीपाशी घसरतात, आपल्या मापाचा स्वतः घ्यावा. ओढणी आणि मोकळे केस परांचीत अडकतात. संध्याकाळी खाली गर्दी जमते, तेव्हा एकजण कायम खाली हवी: रंग देणारी आणि बघ्यांशी बोलणारीही.

परवानगी लेखीच हवी. 1995चा महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायदा आहे, तोंडी होकार त्यापुढे टिकत नाही. भिंतीच्या मालकाचं ना-हरकत पत्र आणि पालिकेची परवानगी दोन्ही परांची बांधण्याआधी हातात असावीत. त्याच कागदावर आणखी दोन ओळी घालून घ्याव्यात: चित्राखाली नाव राहील, आणि इमारतीला पुन्हा रंग देताना आधी कळवलं जाईल. कॉपीराइट कायद्याचं कलम 57 कलाकृती विकल्यानंतरही कर्त्याचे काही हक्क राखतं. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं कांस्य भित्तिशिल्प सरकारने उतरवलं, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने 2005 साली याच कलमाच्या आधारे निकाल त्यांच्या बाजूने दिला आणि 5 लाख रुपये भरपाई मंजूर केली.