बत्ताशावर दोन थेंब

ठाण्याच्या खारकर आळीतल्या मावशीच्या वाड्याचं पुनर्विकासाचं एकदाचं ठरलं, आणि मागच्या महिन्यात मी फडताळं रिकामी करायला गेलो. शिकेकाईच्या डब्यामागे बोटभर उंचीची एक जाड काचेची बाटली सापडली. लेबल कधीच गळून गेलेलं, पण काचेतच इंग्रजी अक्षरं उठवलेली होती : क्लोरोडाइन. आत तळाला काळपट डाग.

मावशी म्हणाली, "अरे, ही आमच्या आजीकडची. पोट बिघडलं की बत्ताशावर दोन थेंब. घटकाभरात जुलाब बंद. तुमच्या हल्लीच्या औषधांना असा गुण नाही बघ."

यातला शब्द न् शब्द खरा असणार. घोळ आहे तो तिथेच.

जुन्या 'पेटंट' औषधांचा विषय निघाला की आपण म्हणतो, रंगीत पाणी विकून लोकांना फसवायचे. काही औषधं तशी होतीही. 'बीचम्स पिल्स'ची जाहिरात सांगे की एका डबीचं मोल एका गिनीचं, म्हणजे एकवीस शिलिंगांचं. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९०९ साली अशा औषधांची पृथक्करणं छापली, तेव्हा त्या गोळ्यांत निघालं कोरफडीचा बोळ, सुंठ आणि साबण. पण क्लोरोडाइन रंगीत पाणी नव्हतं. जॉन कॉलिस ब्राउन या हिंदुस्थानातल्या लष्करी डॉक्टरने १८४८च्या सुमारास ते पटकीसाठी, म्हणजे कॉलऱ्यासाठी तयार केलं. त्यात अफूचा मद्यातला अर्क, गांजाचा अर्क आणि क्लोरोफॉर्म हे मुख्य घटक. अशा औषधाचा परिणाम होणार नाही तर काय!

'पेटंट' हा शब्दही फसवाच. पेटंट घ्यायचं तर कृती उघड करावी लागते. बहुतेक औषधवाल्यांनी ते कधी घेतलंच नाही, कृती गुपित ठेवली आणि नाव मात्र जिवापाड जपलं.

ठाण्याला हे सगळं फार लवकर पोचलं असणार. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून गाडी आली ती थेट ठाण्यातच. पुढच्याच वर्षी अर्ध्या आण्यात देशभर पत्र जाऊ लागलं, १८६६ला 'अरुणोदय' हे ठाण्याचं स्वतःचं पत्र निघालं आणि १८७७पासून व्ही.पी.ची सोय झाली. वैद्याला नाडी न दाखवता, कुणाला न सांगता, पोस्टमनच्या हाती पैसे ठेवले की औषध घरात.

मुंबईच्या इंग्रजी पत्रांत क्लोरोडाइनच्या ज्या जाहिराती येत, त्या वाचताना मला त्या मजकूर लिहिणाऱ्याचं कौतुकच वाटतं. एक खुबी न्यायालयाची. १८६४ साली लंडनच्या कोर्टात फ्रीमन नावाच्या प्रतिस्पर्ध्याशी वाद झाला. न्यायाधीश म्हणाले, क्लोरोडाइनचा मूळ कर्ता ब्राउनच. निकाल एवढाच, की कर्ता कोण. औषध गुणकारी आहे की नाही, हे कोर्टाला कुणी विचारलंच नव्हतं. पण तो निकाल वर्षानुवर्षं जाहिरातीच्या डोक्यावर छापला गेला, आणि वाचणाऱ्याला वाटलं, औषध कोर्टात सिद्ध झालं. दुसरी खुबी सरकारी तिकिटाची. विलायतेत अशा औषधांवर कर होता आणि तो भरल्याची खूण म्हणून बाटलीवर तिकीट चिकटवत. जाहिरात बजावायची : सरकारी तिकिटावर आमचं नाव नसेल तर माल नकली समजा. कराची पावती अशी सरकारी शिफारस होऊन बसली. उद्या एखाद्या बाबाने पुडीवर जीएसटी क्रमांक ठळक छापला, तर तोही याच घराण्यातला.

पण यातली एकही खुबी दोन थेंबांची बरोबरी करत नाही. खरी जाहिरात बाटलीच्या आत होती. ती कशी चालायची, यावर मी जरा रेंगाळणार आहे.

आपल्या आतड्याला स्वतःची मज्जासंस्था आहे. भिंतीतल्या स्नायूंच्या दोन थरांमध्ये चेतापेशींचं एक जाळं पसरलेलं असतं. आउअरबाख या जर्मन शास्त्रज्ञाने ते दाखवलं, म्हणून ते त्याच्या नावाने ओळखलं जातं. अन्नाचा गोळा आला की हे जाळं त्याच्या मागचा भाग आवळतं आणि पुढचा सैल सोडतं. टूथपेस्टची ट्यूब मागून दाबत आणावी तसं. याला क्रमसंकोच म्हणतात. आवळण्याचा निरोप ॲसिटिलकोलीन हे रसायन नेतं, सैल सोडण्याचा निरोप मुख्यतः नायट्रिक ऑक्साइड.

अफूतलं मॉर्फीन या चेतापेशींवरच्या 'म्यू' नावाच्या ग्राहींना, म्हणजे रसायनांचे निरोप टिपणाऱ्या प्रथिनांना, जाऊन चिकटतं. ग्राही पेशीच्या आत जी-प्रथिनाला चेतवतो. त्यामुळे पोटॅशियमच्या वाटा उघडतात, पोटॅशियम बाहेर पडतं आणि पेशी सहजी पेटत नाही. चेताटोकाशी कॅल्शियमच्या वाटा मिटतात, आणि कॅल्शियम आत आल्याशिवाय ॲसिटिलकोलीनच्या पिशव्या फुटत नाहीत. निरोप निघतच नाही. गंमत पुढे आहे. सैल सोडण्याचा निरोपही थांबतो, म्हणून आतडं लुळं पडण्याऐवजी जागच्या जागी आवळून बसतं. घुसळणं चालू, पुढे ढकलणं बंद. मॉर्फीन घेणाऱ्याला होणारी चिवट बद्धकोष्ठता ती हीच.

हे ज्यावर शोधलं तो प्रयोग मला विज्ञानातल्या सर्वांत देखण्या प्रयोगांपैकी वाटतो. गिनिपिगच्या लहान आतड्याचा तुकडा कोमट क्षारपाण्यात टांगायचा, प्राणवायूचे बुडबुडे सोडायचे आणि विजेचा हलका झटका द्यायचा. तुकडा दर झटक्याला टुणकन आखडतो. पाण्यात मॉर्फीन टाकलं की उड्या मंदावतात. आतड्यातून बाहेर पडणारं ॲसिटिलकोलीन मॉर्फीनमुळे घटतं, हे विल्यम पेटनने १९५७ साली दाखवलं. पुढे ॲबर्डीनला जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलित्झ यांनी कत्तलखान्यातून आणलेल्या डुकरांच्या मेंदूंचा अर्क अशाच टांगलेल्या तुकड्यांवर टाकून पाहिला. साधन काय, तर हे आतडं आणि उंदराची वीर्यवाहिनी! अर्कानेही उड्या मंदावल्या, आणि नॅलॉक्सोन हा मॉर्फीनचा उतारा टाकताच पुन्हा सुरू झाल्या. म्हणजे मेंदू स्वतःच अफूसारखं काही बनवतो. ती एन्केफॅलिनं त्यांनी १९७५ साली जाहीर केली.

असो. मुद्दा असा, की आजीच्या दोन थेंबांनी जुलाब खरोखर थांबायचे. साधी मोडशी तशीही दोन-तीन दिवसांत आपली आपण बरी होते. श्रेय बाटलीला.

पटकीत मात्र हिशोब उलटा. तिथे जिवाणूचं विष आतड्याच्या अस्तरपेशीत शिरून एक कळ दाबून ठेवतं. पेशी क्लोराइड बाहेर फेकत राहते, मागोमाग सोडियम आणि पाणी. हे विष शंभूनाथ डे यांनी कलकत्त्यात १९५९ साली दाखवून दिलं. जोराच्या पटकीत तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. अशा वेळी अफूने दार लावून घेतलं तरी नळ चालूच. पाणी अंथरुणाऐवजी आतड्यात साठतं, रक्त मात्र तितकंच आटतं. रोगी शांत पडतो, वेदना कमी होतात, घरच्यांना वाटतं उतार पडला. वर अफू श्वास मंद करते ते वेगळंच.

या औषधाच्या जाहिरातीत मात्र पटकी पहिल्या ओळीत असे. मनिलात थैमान चाललं असताना एकट्या क्लोरोडाइनचाच उपयोग झाला, असं वकिलातीकडून कळल्याचं खुद्द ब्रिटिश परराष्ट्रमंत्र्यांच्या नावाने छापत.

तापाच्या औषधांना तर अफूचीही गरज नव्हती. खाडी, दलदल, भातखाचरं, आणि घरोघरी हिवताप. त्यातला एकांतरा ताप नावाप्रमाणेच एक दिवस सोडून येतो. विशिष्ट जातीचे परजीवी अठ्ठेचाळीस तासांनी एकदम रक्तपेशी फोडून बाहेर पडतात, म्हणून. ताप चढला की माणूस बाटली उघडणार आणि दुसऱ्या दिवशी ठणठणीत होणार. बाटलीत क्विनीन असो वा गूळपाणी. परवा पुन्हा चढला तर बाटली संपलेली असते, दुसरी मागवायची.

लोकलच्या डब्यात दाराशी चिकटवलेली कागदं वाचत रोज ठाणे-दादर करणाऱ्यांना यातलं काही नवं वाटणार नाही. मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातीला १९५४च्या कायद्याने बंदी आहे. कागद रोज नवा असतो.

पटकीवरचा खरा उपाय दिसायला अगदीच गरीब निघाला. विष चढलेल्या आतड्यातही एक दार शाबूत राहतं. त्यातून ग्लुकोज आत जाताना सोडियमला सोबत नेतं आणि मागून पाणी शिरतं. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपल्यावर दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं हे पाणी पिंपांतून वाटलं, आणि तीस टक्क्यांच्या आसपास असलेला मृत्यूदर ३.६ टक्क्यांवर आला.

गेल्या आठवड्यात जांभळी नाक्याजवळच्या एका औषधाच्या दुकानात उभा होतो. पुढचे काका म्हणाले, "नातवाला जुलाब होताहेत, थांबायची गोळी द्या." दुकानदाराने गोळी दिली नाही, ओआरएसच्या दोन पुड्या समोर ठेवल्या. काकांनी पुडी उलटसुलट करून पाहिली आणि परत सरकवली.

"हे नको हो. याने थांबत नाही."